शेततळ्यातला चौकडीचा साप: रंगावरून ओळखायचा कसा आणि रंग फसवतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार भाऊंच्या शेततळ्यात साडेतीन-चार फुटी साप निघाला, अंग पिवळसर हिरवट, त्याच्यावर काळ्या चौकड्या, मानेपासून पुढे दोन्ही कडांना लालसर झाक, आणि काठी दाखवल्यावर मान चपटी करून डोकं उचललं. घरातले म्हणाले नाग, गडी म्हणाला घोणसचं पिल्लू, आणि मोबाईलमधल्या ॲपने तिसरंच कायतरी इंग्रजी नाव काढलं ज्याच्यापुढे विषारी लिहिलेलं. फोटो दोन दिलेत, एक वरून आणि एक तोंडाचा, जरा हललेला. त्यांना तीन गोष्टी हव्यात, हा कोणता, लाल झाकवाली वेगळी जात असते का, आणि पाण्यातले साप नुसत्या रंगावरून ओळखता येतात का.

आधी उत्तर देऊन टाकतो मग कारणं सांगत बसतो. भाऊ, ही दिवड आहे. कुणी पाणदिवड म्हणतं, कुणी विरोळा, इरुळा, गावागणिक बदलतं. पूर्ण बिनविषारी. शास्त्रीय नाव आत्ता फाउलिया पिस्केटर, तुमच्याकडे जुनं पुस्तक असेल तर त्यात झेनोक्रोफिस पिस्केटर दिसेल, साप तोच. लाल झाक म्हणजे वेगळी जात नाही. आणि रंगावरून ओळखता येतं का, तर रंगावरून नाही येत, रंगाच्या मांडणीवरून बऱ्यापैकी येतं, हा फरक एकदा डोक्यात बसला की नाशिक जिल्ह्यातले पाण्याकाठचे निम्मे घोळ तिथेच मिटतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या फोटोला हललेला म्हणताय ना तोच कामाचा निघाला. त्यात डोळा बघा. डोळ्याच्या बरोबर खालून एक काळी बारीक तिरपी रेघ निघते आणि वरच्या ओठापर्यंत येते, आणि दुसरी डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यातून निघून जबडा जिथे संपतो त्या कोपऱ्याकडे जाते. दोन रेघा, दोन्ही मागे झुकलेल्या, मधला ओठ फिकट पिवळट पांढरा. दिवड कितीही रंग बदलू दे, पिवळी असो, शेवाळी असो, मातकट असो, ह्या दोन रेघा टिकून असतात. अगदी म्हातारी मादी, जिच्या अंगावरच्या चौकड्या पुसट होऊन नुसतं मळकट शेवाळी अंग राहिलंय, तिच्या गालावर पण रेघा दिसतात. त्यामुळे मला कुणी फोटो पाठवला की मी अंगाकडे नंतर बघतो, आधी झूम करून गाल बघतो. बहुतेकांचा फोटो असतो शेपटीचा, ते पण कळतं, तोंडाकडे जायची हिंमत नसते.

आता अंग. चौकड्या म्हणजे काय, तर पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या पाच-सहा ओळी लांबीच्या दिशेने जातात आणि शेजारशेजारच्या ओळींतले ठिपके एकमेकांसमोर येत नाहीत, एका ओळीतला ठिपका जिथे संपतो तिथे शेजारच्या ओळीतला चालू होतो, म्हणून एकूण बघताना बुद्धिबळाचा पट दिसतो. ठिपके मानेकडे ठसठशीत आणि शेपटीकडे विरत जातात. पोट पांढरं किंवा पिवळट, चकचकीत. मानेवर कधी कधी उलट्या व्ही आकाराची काळी खूण असते पण ती सगळ्यांत नसते, तिच्यावर विसंबू नका. आता ह्या वर्णनात मी मूळ रंग कुठला ते सांगितलं का? मुद्दाम नाही सांगितलं. ऑलिव्ह, पिवळा, तपकिरी, राखाडी काहीही चालतं. ठिपके एकाआड एक आहेत का आणि गालावर रेघा आहेत का एवढंच विचारायचं.

रंग का बदलतो ते पण समजून घ्या, कारण लोक म्हणतात मी तर असाच साप मागच्या वर्षी पाहिला पण तो वेगळा होता. सापाच्या कातडीत काळा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, पिवळा आणि लाल वेगळ्या रंगद्रव्य पेशींचा, आणि पांढरी निळसर चमक येते ती परावर्तन करणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या पेशींमुळे. काळ्याची मांडणी बऱ्यापैकी पक्की असते, पिवळा-लाल मात्र एकाच जातीत एका जनावरापासून दुसऱ्याकडे खूप हलतो. वय झालं की ठिपके फिके पडतात. कात टाकायच्या आधी आठवडाभर डोळे दुधी होतात आणि अख्खं अंग मळकट दिसतं, तेव्हा पाहिलेली दिवड आणि कात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पाहिलेली तीच दिवड दोन वेगळे साप वाटतील. वर आपल्याकडे काळी माती, कालव्याच्या गाळातून बाहेर आलेला साप वाळला की त्याचा खरा रंग कुठला आणि चिखल कुठला कळत नाही, आणि रात्री मोबाईलचा फ्लॅश मारला की ओल्या खवल्यांवर पांढरे डाग पडतात, त्याला लोक पट्टे समजतात. एकाने तर चमकेलाच चष्म्याची खूण समजून नाग म्हणून पाठवला होता. अंगावर रंग नसलेल्या, पांढऱ्याफटक गुलाबी डोळ्यांच्या दिवडीसुद्धा भारतात नोंदलेल्या आहेत, तिथे तर रंगाची गोष्टच संपली.

अजून एक बघा. पोट भरलेलं असताना किंवा साप चिडून अंग चपटं करतो तेव्हा खवले एकमेकांपासून लांब होतात आणि मधली कातडी उघडी पडते. ती कातडी खवल्यांच्या रंगाची नसते. नानेटी ह्या छोट्या सापात हे फार छान दिसतं, एरवी तपकिरी साधा साप, पण चिडून मान फुगवली की खवल्यांच्या मधून निळसर किंवा लालसर रंग चमकतो आणि माणूस म्हणतो हा नवीनच कोणता. म्हणजे शांत सापाचा रंग आणि चिडलेल्या सापाचा रंग पण एक नसतो. तुमच्या सापाने मान पसरली होती तेव्हाच फोटो काढलाय, त्यामुळे लाल जास्त दिसतंय.

लाल झाकेचं म्हणाल तर दिवडीत काळ्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत, खास करून कडांना आणि मानेकडच्या भागात, नारिंगी ते विटकरी रंग असणं हे अगदी नेहमीचं आहे. गोदावरीच्या पट्ट्यात, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरपासून खाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत, पिवळी, शेवाळी आणि लाल कडांची अशा तिन्ही रूपांच्या दिवडी मी एकाच डबक्यात पाहिल्यात. एकाच पाण्यात, एकाच हंगामात सगळी रूपं मिळत असतील आणि गालावरच्या रेघा, खवले सगळं सारखं असेल तर तो एकाच जातीतला फरक धरायचा, जात वेगळी करायची नाही. नराचा रंग लाल, मादीचा हिरवा असं पण काही जण छातीठोक सांगतात, तसं काही नाही. नर-मादीतला हमखास फरक म्हणजे मादी मोठी आणि जाड असते. चार फुटांच्या पुढची दिवड दिसली तर ती मादी असण्याचीच शक्यता जास्त, आणि क्वचित पावणेसहा फुटांपर्यंत पण जाते.

मग ॲपने विषारी का दाखवलं. कारण ॲप रंग बघतं. मानेकडे लाल, अंग शेवाळी, कीलबॅकसारखं (म्हणजे खवल्यांवर धार असलेल्या सापांच्या गटासारखं, दिवड पण त्यातलीच) डोकं, म्हणून त्याने रेड-नेक्ड कीलबॅक काढला. तो साप खरा आहे, खरंच धोकादायक पण आहे, त्याच्या चाव्याने रक्त गोठायची क्रिया बिघडल्याच्या नोंदी आहेत, पण तो राहतो ईशान्य भारतात आणि तिथून पुढे आग्नेय आशियात. निफाडच्या शेततळ्यात तो येणार कुठून. ॲपला लोकेशन दिलं नसेल तर ते जगभरातल्या फोटोंत जुळवतं, आणि लोकेशन दिलं तरी पहिल्या उत्तरावर थांबू नका, खालची दोन-तीन नावं उघडा आणि कुठली जात महाराष्ट्रात मिळते ते बघा. मी ॲपच्या विरोधात नाही, मी पण वापरतो, पण ते फोटोतल्या गालाकडे मुद्दाम बघत नाही.

आता नागाचं. घरच्यांची चूक नाही, दिवड मान चपटी करते तेव्हा भल्याभल्यांना फणा वाटतो. पण नाग उभा राहतो तो अंगाचा पुढचा तिसरा हिस्सा तरी उचलून, आणि फणा रुंद, मानेच्या बरगड्या खरंच बाहेर पसरलेल्या. दिवड डोकं थोडंसं उचलते, मान जमिनीला समांतर चपटी करते आणि सरळ तोंड मारायला धावते. नागाच्या फण्यावर मागून चष्म्याची खूण, आपल्याकडे दहाचा आकडा म्हणतात तो, बहुतेक वेळा असतो पण कधी पुसट असतो कधी नसतोच, म्हणजे इथे पण खूण नाही म्हणून नाग नाही असं म्हणू नका. त्यापेक्षा खवले बघा. नागाचे खवले गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चमकतात. दिवडीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध लांबट बारीक धार असते, तिलाच कील म्हणतात, त्यामुळे वाळलेली दिवड खरबरीत, बिनचमकेची दिसते. चांगल्या उजेडात काढलेला फोटो झूम केला तर ह्या धारा रेघारेघांसारख्या दिसतात. आणि नाग पाण्यात पोहत नाही असं काही नाही बरं का, मस्त पोहतो, बेडूक खायला तळ्यावर येतोच येतो. पाण्यात दिसला म्हणजे बिनविषारी हे गणित डोक्यातून काढून टाका.

घोणसचा घोळ मात्र जास्त गंभीर आहे, तिथे जरा थांबतो. नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, सगळीकडे घोणस आहे, उसात, कांद्याच्या चाळीत, बागेतल्या पाचोळ्यात. आणि घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, तीही एका वेळी वीस-चाळीस, साधारण उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. त्याच दिवसांत दिवडीची वीतभर पिल्लं पण बांधावर फिरत असतात. पिवळट तपकिरी अंग, काळे ठिपके, दोन्ही पिल्लं साधारण एका मापाची. इथे रंगावरून गेलात की संपलं.

फरक बघायचा तो असा. घोणसच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी, एक बरोबर मधोमध कण्यावर आणि दोन कडांना. मधला प्रत्येक ठिपका मोठा, अंडाकृती, आत तपकिरी, भोवती काळी कड आणि त्याच्याही बाहेर पांढरट किनार, असे एकामागे एक साखळीत ओवलेले. दिवडीचा ठिपका नुसता काळा, चौकोनी, त्याला अशी दुहेरी किनार नसते, आणि कण्यावर मोठ्या ठिपक्यांची ठळक मधली ओळ नसते. घोणसचं डोकं त्रिकोणी, त्यावर दोन फिकट रेघा नाकाकडे जाऊन मिळतात. बाहुली उभी चीर. दिवडीची बाहुली गोल. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे डोक्यावरचे खवले, दिवडीच्या डोक्यावर मोठ्या सपाट ढाली असतात, मोजता येतील इतक्या मोठ्या, घोणसच्या डोक्यावर बारीक बारीक खवल्यांची गर्दी, अंगावर असतात तशीच. अंग जाड, शेपटी एकदम आखूड, आणि चिडली की लांबलचक मोठा फुत्कार सोडते, जो एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही. दिवड एवढा आवाज करत नाही, ती सरळ चावते.

त्रिकोणी डोक्यावर एकट्यावर भर देऊ नका हे परत सांगतो, कारण दिवड चिडली की जबडा मागून पसरवते आणि तिचंही डोकं चक्क त्रिकोणी होतं. कितीतरी दिवडी त्या एका नियमापायी मारल्या जातात.

पाण्याकाठी अजून कोण कोण दिसतं ते भराभर सांगतो. नानेटी, अंगावर डोक्यापासून मागे जाणारे दोन फिकट पिवळे पट्टे आणि त्यांना छेदणाऱ्या काळ्या आडव्या खुणा, छोटा शांत साप, लिनियसने १७५८ सालीच नाव दिलेलं, ह्यात गोंधळायचं कारणच नाही. गवत्या, हिरवा, पाण्यापेक्षा ओल्या गवतात, बेडूक-भेक खाणारा, ह्याचं पिल्लू मात्र फसवतं कारण त्याच्या मानेवर पिवळा आणि काळा व्ही आकार असतो जो मोठेपणी जवळपास जातो. इगतपुरी-त्र्यंबककडे भातखाचरांच्या बाजूला काम करणाऱ्यांनी हिरव्या रंगाच्या बाबतीत जास्त जपायचं, कारण घाटाकडे चापडा पण हिरवाच असतो आणि तो विषारी, झुडपाच्या फांदीवर गुंडाळून बसलेला, त्रिकोणी डोकं, उभी बाहुली, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खड्डा. हिरवा म्हणजे गवत्या असं धरून हात घालू नका.

ऑलिव्ह कीलबॅक हा खराखुरा पाण्यातला साप, पण त्याला मांडणीच नाही, वरून सरसकट शेवाळी आणि पोट पिवळं ते नारिंगी. म्हाताऱ्या पुसट दिवडीशी ह्याची गल्लत होते आणि इथे रंग दोघांचा जवळपास एकच असल्याने गालाकडे जा, ऑलिव्हच्या गालावर त्या दोन काळ्या रेघा नसतात. धामण पण तळ्यात उतरते, लांब, डोळा मोठा, ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात त्या अनेक, सगळ्या ओठभर, दिवडीसारख्या दोनच नाहीत. धामणीच्या शेपटीकडे काळं जाळं पडलेलं दिसेल.

आणि तस्कर. हे खास सांगतो कारण वर मी डोळ्याखालच्या रेघेवर एवढा जोर दिला आणि तस्करला पण डोळ्याखाली एक काळी रेघ आणि डोळ्यामागे एक तिरपी रेघ असतेच, शिवाय अंगाच्या पुढच्या भागात चौकडीसारखी नक्षी पण असते. मग वेगळा कसा काढायचा? मागचा भाग बघा. तस्करच्या मागच्या अर्ध्या अंगावर नक्षी संपते आणि दोन गडद पट्टे शेपटीपर्यंत लांबीने जातात. मानेवर बहुतेक वेळा दोन काळ्या उभ्या रेघा. अंग सडपातळ, पुढच्या भागातले खवले गुळगुळीत. आणि हा घरात, गोठ्यात, उंदरांच्या मागे येतो, पाण्यात क्वचित. म्हणजे एकच खूण कधीच पुरत नाही, गाल अधिक पाठीची मांडणी अधिक खवल्याची धार, तिन्ही जुळलं तर नाव घ्यायचं.

आता वेगळी जात का असं विचारलंत म्हणून थोडं वर्गीकरणाचं. गंमत अशी की ह्या सापाचं पहिलं शास्त्रीय नाव मुळात एका रंगीत चित्रावरून पडलं. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर काम करत होता, त्याने तिथल्या सापांची चित्रं छापली, आणि त्यातल्या एका चित्रावरून जर्मनीत बसलेल्या श्नायडरने १७९९ मध्ये हायड्रस पिस्केटर असं नाव दिलं. पुढे तो ट्रोपिडोनोटस झाला, मग नॅट्रिक्स, मग झेनोक्रोफिस, आणि अलीकडे डीएनएचा अभ्यास झाल्यावर फाउलिया. फाउलिया हे काही नवं घडवलेलं नाव नाही, थिओबाल्डने १८६८ मध्येच दिलेलं, धूळ खात पडलेलं परत वापरात आणलं. ह्या सगळ्यात आडनाव बदलत गेलं आणि पिस्केटर तेवढं राहिलं.

आणि नुसत्या रंगाने ह्या गटात काय घोटाळा होतो ते शास्त्रज्ञांनी पण भोगलंय. पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंतचे सगळे चौकडीवाले पाणसाप बराच काळ एकाच नावाखाली टाकले जायचे, कुणी रंगावरून उपजाती पाडायचं, कुणी परत एकत्र करायचं. फोगेल आणि डेव्हिड ह्या दोघांनी संग्रहालयातले नमुने तपासून २०१२ मध्ये ह्या गटाची नीट फेरमांडणी केली, तेव्हा मांडणी, गालावरच्या आणि मानेवरच्या खुणा, आणि खवल्यांची मोजणी असं सगळं एकत्र धरलं. श्रीलंकेतली वेगळी, अंदमानातली वेगळी, आपली पिस्केटर वेगळी. संग्रहालयात रंगावर भरवसा टाकता येतच नाही, कारण अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या सापाचा लाल-पिवळा रंग उतरून जातो आणि काळं तेवढं उरतं. तुमचा हा लाल कडांचा साप पन्नास वर्षं बरणीत ठेवला तर साधा राखाडी-तपकिरी चौकडीचा दिसेल, बाकीच्यांसारखाच.

खवले मोजायचे असतील तर जिवंत साप लागत नाही, कात पुरते, आणि ती तुमच्या तळ्याच्या कडेला दगडांत हमखास मिळेल. ओली करून सरळ करा. अंगाच्या मध्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पोटाचा रुंद खवला सोडून, तिरप्या ओळीत मोजत जा. दिवडीत १९ येतात, शेपटीच्या अलीकडे १७. तस्करमध्ये २३ ते २७. घोणसमध्ये २७ ते ३३. आकड्यातच एवढं अंतर आहे की एखादा चुकला तरी निकाल बदलत नाही. फक्त ऑलिव्ह कीलबॅकमध्ये पण १९ च येतात, तिथे नाकाच्या मागची ढाल बघावी लागते, ऑलिव्हमध्ये तिथे एकच असते, दिवडीत दोन. वरच्या ओठाचे खवले दिवडीत एका बाजूला ९, त्यातला चौथा आणि पाचवा डोळ्याला लागतो. पोटाचे खवले साधारण १२५ ते १५८. शेपटीखालचे मोजून उपयोग होईलच असं नाही कारण दिवडीची शेपटी पकडली तर तुटते आणि पालीसारखी परत येत नाही, त्यामुळे अर्ध्या शेपटीच्या दिवडी भरपूर दिसतात. आणि हो, कातीवर पण काळी मांडणी फिकट उमटलेली असते, उजेडासमोर धरून बघा.

फोटो काढायचा तर लांबून झूम करा, दोन-अडीच मीटरच्या आत जायची गरज नाही. एक अख्ख्या अंगाचा वरून, एक डोक्याचा बाजूने, डोळा आणि ओठ दिसेल असा. फ्लॅश बंद. मापासाठी शेजारी चप्पल, पेन ठेवायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी जवळ जावं लागतं. पोटाचा फोटो मिळावा म्हणून काठीने उलटा पण करू नका, गाल दिसला की पुरे.

चावली तर काय, हे पण विचारणारे येतीलच. दिवड तापट आहे आणि घट्ट धरून चावते, दात मागे वळलेले असल्याने हात झटकला की जास्त फाटतं, रक्त बऱ्यापैकी येतं. साबण-पाण्याने धुवा, टिटॅनसचं इंजेक्शन घ्या. पण हे कधी, तर साप दिवडच होता ह्याची शंभर टक्के खात्री असेल तेव्हा. अंधारात चावलं, फोटो नाही, कुणीतरी म्हणतंय पाण्यातला होता, तर घरी बसून ओळख पटवत बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी, जवळचं ग्रामीण रुग्णालय नाहीतर नाशिकचं सिव्हिल. चावलेला हात-पाय हलू न देता, दोरी न बांधता, चिरा न देता. साप मारून सोबत नेण्याची पण गरज नाही, डॉक्टर लक्षणं बघतात, आणि घोणसची शंका असेल तर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतंय का ते तपासतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवर मिळून एकच असतं, त्यामुळे नाव कळलं नाही म्हणून उपचार अडत नाही.

राहिलं तुमचं शेततळं. तळ्यात दिवड का आली, तर बेडूक आणि मासे आहेत म्हणून, तुम्ही मासे सोडले असतील तर थोडे खाईल, ते सोडून द्या. पण ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलेल्या तळ्यात खरा प्रश्न वेगळा आहे, साप आत उतरतो आणि वर चढू शकत नाही, कागद गुळगुळीत आणि उतार जास्त. दिवड चांगली पोहते म्हणून दिवसच्या दिवस फिरत राहते आणि शेवटी थकून मरते, नाग आणि धामण पण अशाच मरतात. तुम्हाला तो रोज दिसत असेल तर त्याचं कारण तो तिथे राहायला आलाय असं नाही, तो अडकलेला असू शकतो. जुनी शेडनेट किंवा फुटक्या ठिबकच्या नळ्यांची जाळी करून दोन कोपऱ्यांत काठावरून पाण्यात सोडा, वरचं टोक खुंटीला पक्कं बांधा, एक-दोन रात्रीत निघून जाईल. मासेमारीचं बारीक जाळं मात्र त्यासाठी वापरू नका, त्यात दिवडी गुंतून बुडतात, नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला जाळी टाकणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दिवडीला पण संरक्षण आहे, तेव्हा मारायचं तर नाहीच, आणि हाताने पकडून दुसऱ्याच्या विहिरीत सोडायचं पण नाही. स्वतःहून निघत नसेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा, ते जवळचा सर्पमित्र देतात.

आणि तळ्याच्या कडेला कात सापडली तर फेकू नका, डोक्याकडचा भाग पाण्यात भिजवून पसरा, खाली काळा कागद ठेवून फोटो टाका, ओठाचे खवले मोजून सांगतो.